तिसऱ्या पाळीचं दार

जिना चढताना हरेश्वर मयेकर आज मधेच बसला. तेहतीस वर्षं तो हा जिना चढत-उतरत आला होता. कधी खांद्यावर तांदळाचं पोतं, कधी कडेवर झोपलेली लेक, दुर्गा, संपाच्या दुसऱ्या वर्षी तर पोटात नुसता कोरा चहा. पण पायरीवर बसायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. दुसऱ्या मजल्याला अजून सात पायऱ्या होत्या. सकाळचे आठ वाजत आले होते, मार्चमधलं ऊन अजून तापायचं होतं, तरी वाचमनचा खाकी शर्ट पाठीला चिकटला होता. रात्री ड्युटीवर बेंबीच्या आसपास जे दुखू लागलं होतं, ते पहाटेपासून खाली उजवीकडे सरकलं होतं आणि तिथंच ठाण मांडून बसलं होतं. पाय उचलला की आतून कुणीतरी बोट खुपसत होतं. आता उठतो, असं तो दोनदा मनाशी म्हणाला आणि दोन्ही वेळा बसूनच राहिला. तेवढ्यात वरून शेवंता आली. शेजारच्या खोलीतल्या रामदासची बायको. हातात रॉकेलचा डबा.

"काय मामा, असे बसलात?"

"चपलेचा अंगठा तुटलाय गं."

"द्या की मग, नाक्यावरनं शिवून आणते. मी चाललेच आहे तिकडं."

"नको, नको. होतंय. तू जा, रांग वाढेल."

शेवंतानं चपलेकडे पाहिलं. अंगठा धडधाकट होता. ती काहीतरी बोलणार होती, पण रॉकेलची रांग खरोखरच वाढत असणार, म्हणून ती गेली. हरेश्वरला स्वतःचंच नवल वाटलं. खोटं बोलायचं त्यानं ठरवलं नव्हतं. विचारल्याबरोबर ते आपोआप तोंडातून बाहेर आलं होतं, आणि वर इतकं बिनचूक, की जणू आयुष्यभर तो त्याचीच तालीम करत होता. कठडा धरून तो उठला, उरलेल्या सात पायऱ्या एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत चढला, खोलीत शिरला आणि दार लावून त्यानं आतून कडी घातली.

चाळीत दिवसाचं दार कुणी लावत नाही. लावलं तर लोक विचारतात, काय, भांडण झालं की काय? याला अपवाद एकच, तिसरी पाळी. रात्री बाराला गिरणीत शिरून सकाळी सातला सुटलेला माणूस दार लावून झोपतो, आणि चाळीला आग लागल्याशिवाय त्या दारावर कुणी थाप मारत नाही. डिलाईल रोडच्या सगळ्याच चाळींत ही रीत होती, पण या मजल्यावर ती रुजवली त्याच्या बायकोनं, गुणवंतीनं. हरेश्वर झोपला की ती सूप घेऊन बाहेर उंबऱ्याशी बसायची आणि तांदूळ निवडता निवडता गॅलरीभर नजर ठेवायची. "गप रवा गे, ह्ये पाळी करून इलेत," असं ती पोरींना दबक्या आवाजात म्हणायची, आणि तो दबका आवाज पोरींच्या आवाजाहून मोठा असायचा. कल्हईवाल्याला तिनं जिन्यावरूनच परत पिटाळलं होतं. एकदा समोरच्या तात्यांची नात चेंडू मागायला आली आणि तिनं दारावर मुठी आपटल्या, तर हरेश्वर तांबारलेल्या डोळ्यांनी उठून आला आणि असा काही ओरडला, की पोरीनं उभ्या जागी परकर ओला केला. त्यानंतर मजला शिकला. हरेश्वरला तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोला. पुढे संप झाला, गिरणीनं त्याला परत घेतलं नाही, तात्या बिऱ्हाड मोडून गावी गेले, गुणवंतीही गेली. पण तो फोर्टातल्या एका कचेरीत रात्रीचा वाचमन म्हणून लागला आणि तिसऱ्या पाळीचा मान चाळीनं त्याच्याकडेच राहू दिला. या मजल्यावर दिवसा बंद असणारं दार आता ते एकच होतं.

त्यानं स्टोव्हवर पाणी तापवलं, ओवा चावला, वर गरम पाणी प्यायला. थोड्या वेळानं मोरीपाशी जाऊन ते सगळं ओकला. मग चटईवर पडला. उताणं झोपवेना. डाव्या कुशीवर झोपवेना. शेवटी उजवा गुडघा पोटाशी ओढून घेतला तेव्हा जरा सोसवू लागलं. ताप आहे की काय ते बघायला त्यानं कपाळावर हात ठेवला. काही कळेना. हात गरम की कपाळ गरम, एकट्या माणसाला कसं कळणार? दोन्ही त्याचेच. गुणवंती पालथा हात गळ्याशी लावायची, क्षणभरच, आणि निकाल द्यायची: हा, किंवा नाय. त्या पालथ्या हाताला वर्षानुवर्षं मसाला वाटल्याचा वास असायचा. तो हात आत्ता हवा होता. दुखणं घेऊन दवाखान्यात जायचं तर आधी कुणीतरी म्हणावं लागतं, की हो, हे दुखणंच आहे. आपलं आपणच म्हणायचं म्हणजे लाज वाटते.

लाज वाटायचं आणखीही एक कारण होतं, आणि ते फक्त गिरणीच्या साचेखात्यात मागावर उभं राहिलेल्या माणसालाच समजेल. हात मागाच्या धोट्यात सापडला तर तो दिसतो. ताप आला तर गिरणीच्या दवाखान्यातला कंपाउंडर काचेची नळी तोंडात घालून बघतो. पोटात दुखतं हे मात्र कुणालाच दिसत नाही, म्हणून खाडा करायचा तर माणसं पोटदुखी काढत. शिमगा जवळ आला की अर्ध्या खात्याच्या पोटात दुखू लागायचं. आंगणेवाडीच्या जत्रेला तर साथच यायची. खात्याचा मुकादम रमाकांत जॉबर कमरेवर हात ठेवून विचारायचा, "उभा राहतो आहेस ना? मग साचा चालव." खातं हसायचं. हरेश्वरही हसायचा, आणि जरा जास्तच मोठ्यानं हसायचा, कारण सव्वीस वर्षांत त्याचा एक खाडा नव्हता. दुर्गा जन्मली त्या दिवशीसुद्धा नाही. धोंडू नावाचा एक बदली कामगार होता, तो एकदा खरंच पोट धरून भिंतीशी बसला होता, तेव्हा सगळ्यांआधी त्याच्यावर हसलेला माणूस हरेश्वरच होता. धोंडूचं पुढे काय झालं? आठवेना. धोंडू पुन्हा कामावर आला होता की नव्हता? आला असेल. हरेश्वरनं कूस बदलायचा प्रयत्न केला आणि दात आवळले. उभं राहता येतंय, असं तो स्वतःला म्हणाला. जिना चढलो की. मोरीपर्यंत गेलो की.

तरी त्यानं मनाशी हद्द घातली. अकरा वाजेपर्यंत बघायचं. नाक्यावरचा डॉक्टर दहा ते एक बसतो; अकराला निघालो तरी मिळेल. अकरा वाजले तेव्हा दुखणं वाढलं नव्हतं, म्हणून त्यानं साडेबाराची हद्द घातली. साडेबाराला ते वाढलं होतं, पण तेव्हा उठायचं म्हणजे शर्ट घालायचा, कडी काढायची, दोन मजले उतरायचे, आणि एवढं करीपर्यंत एक वाजून जाईल, मग बंद दवाखान्यासमोर उभं राहायचं. त्यापेक्षा संध्याकाळी. संध्याकाळी तो सहाला बसतो. पण सहाच्या आत तर ड्युटीसाठी निघायचं असतं, सातला रजिस्टरवर सही पडायला हवी, आणि एक दिवस सही नाही पडली तर दुसऱ्या दिवशी त्या स्टुलावर दुसरा माणूस बसलेला असतो. हा सगळा हिशेब त्यानं अगदी शांतपणे केला, जणू पलीकडच्या खोलीतल्या कुणा माणसासाठी करत होता. परळचं मोठं इस्पितळ काही लांब नव्हतं. पण तिथे माणसं मरायला टेकलेली येतात, हातगाडीवरून, झोळीतून. त्यांच्या रांगेत आपल्या पायांनी जाऊन काय सांगायचं? पोटात दुखतंय? तिथल्या शिकाऊ डॉक्टरच्या तोंडावर त्याला रमाकांत जॉबर दिसू लागला.

बाहेर गॅलरीत शेवंताच्या दोन्ही मुली शाळेतून आल्याचं त्याला कळलं. पावलांवरून नाही, पावलं वाजलीच नाहीत. दप्तरं अलगद टेकवल्याचा आवाज आला, मग चादर पसरल्याचा. त्याच्या दाराला लागूनच त्या सागरगोटे खेळायच्या, आणि गोटे फरशीवर वाजू नयेत म्हणून खाली चादरीची घडी घालायच्या. घडीवर पडणाऱ्या गोट्यांचा मऊ, दबलेला ठप ठप आवाज त्याला रोज झोपेत यायचा. आज जागेपणी तो ऐकताना त्याला भलतंच वाईट वाटलं. धाकटीचा डाव चुकला असावा, ती चिडून काहीतरी बोलली आणि थोरलीनं तिच्या तोंडावर हात ठेवला. तेही ऐकू आलं. मग माशांच्या आमटीचा वास आला. शेवंतानं काही चांगलं केलं की ती गॅलरीकडच्या खिडकीत झाकून वाटी ठेवायची. खिडकीचं दार आतून नुसतं लोटलेलं होतं. वाटी टेकवल्याचं वाजलं, आणि तिची सावली झडपेच्या फटीत थांबली.

"अजून निजलेत का गं?"

"हो आई. आम्ही एकदाही ओरडलो नाही."

"सकाळी कसंसंच होतं तोंड त्यांचं. हाक मारावी का?"

"आई, तिसरी पाळी!" थोरली कळवळून कुजबुजली.

सावली तिथेच थांबली. खिडकी त्याच्यापासून हातभर लांब होती. एक शब्द पुरे होता, आणि तो त्याच्या तोंडात होता. पण कोणता? शेवंता, जरा ये, असं म्हणायचं? भरदुपारी, आतून कडी घातलेल्या खोलीतून, नवरा हिंदमाताला साड्यांची गाठोडी उचलायला गेलेल्या बाईला, एकट्या पुरुषानं? चाळ भली होती, पण चाळीला डोळे होते, आणि रामदास गरीब असला तरी मनानं तिखट होता. मग कण्हायचं? ती ऐकेल आणि आपणहून दार वाजवील. कण्हणं सोपं होतं, ते घशाशी आलेलंच होतं. आणि नेमकं ते त्यानं गिळलं. का गिळलं, ते त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. इतक्या वर्षांच्या सवयीनं असेल. कुणी विचारायला आलं की बरं असायचं, एवढंच त्याला येत होतं. सावली हलली. "झोपू दे बाई," शेवंता म्हणाली, "रातभर जागतात." माशांच्या वासानं त्याला पुन्हा ढवळून आलं आणि त्यानं चादरीचा बोळा तोंडावर धरला. मायेनं जाणाऱ्या माणसाच्या पावलांचा त्याला आयुष्यात पहिल्यांदा राग आला.

गुणवंतीला गावी पाठवलं तेही अशाच दुपारी. संपाचा नववा महिना होता. आधी भांडी गेली, मग रेडिओ, मग चाळीतली माणसं एकेक करून गावाकडे निघाली. दुर्गा चौदा वर्षांची होती, तिची शाळा सोडवावी लागली. "थंय पेज तरी गावात," गुणवंती म्हणाली, "आणि तुमीपण चला." तो गेला नाही. चूल थंड पडली तरी गिरणीचं गेट सोडायचं नाही, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. पुढल्या वर्षी पावसाळ्यानंतर बोलवा उठली, की गिरणी माणसं परत घेणार, गेटवर नावं पुकारणार, ज्याच्या नावाला ओ येणार नाही त्याचं नाव कटणार. तो रोज सकाळी सहाला जाऊन उभा राहायचा. नाव पुकारलं जाणार ते उद्याच, असं रोज कुणीतरी सांगायचं. साच्यावर खाडा केला नाही, तो गेटवर काय करणार? आणि त्याच आठवड्यात देवगडकडून तार आली. एस.टी.नं तो पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. अंगणात दुर्गा काकूच्या मांडीवर डोकं ठेवून निजलेली होती आणि बापाला बघून ती उठलीसुद्धा नाही. ती आजही तिथेच काकाकडे आहे. त्याचं नाव पुकारलं गेलं नाहीच. त्या दिवसापासून कुणी विचारलं की हरेश्वर सांगायचा, "बरी होती हो. एकाएकी गेली." हे वाक्य तो इतक्यांदा बोलला होता, की त्याचा त्याला आधार झाला होता. माणूस एकाएकी गेलं तर त्यात कुणाचा दोष नसतो.

साडेतीनला कुठल्याशा गिरणीचा भोंगा झाला. सगळ्या काही बंद पडल्या नव्हत्या; पलीकडची एक रडतखडत चालू होती. पूर्वी या वेळेला एकामागोमाग एक भोंगे सुरू व्हायचे आणि प्रत्येकाला आपल्या गिरणीचा आवाज ओळखू यायचा. आताचा एकटा भोंगा कुणासाठी वाजतो ते कळत नसे. तो संपता संपता दुखणं असं काही उसळलं, की हरेश्वरच्या डोळ्यांपुढे पिवळं झालं. आता मात्र त्याला भीती वाटली. साधी, लहान मुलाला वाटते तशी भीती. आपण इथे असेच पडून राहू, उद्या सकाळीही दार बंदच असेल, आणि मुली चादर पसरून खेळत राहतील. परवाही. वास येईपर्यंत. हे चित्र इतकं स्पष्ट दिसलं की तो रडकुंडीला आला. ठरलं. चार वाजता नळाला पाणी येतं, तेव्हा सगळा मजला गॅलरीत असतो. तेव्हा भिंतीवर तांब्या आपटायचा. कोण काय म्हणेल ते म्हणो. त्यानं सरपटत जाऊन तांब्या घेतला आणि उशाशी ठेवला. गुडघा पोटाशी आवळून, तांब्याच्या गळ्यावर बोटं ठेवून तो पाण्याची वाट पाहत पडला. आई गं, असं त्याच्या तोंडून एकदा निघालं, पण ते फार हळू होतं.

आणि चारच्या जरासं आधी ते थांबलं.

उतरलं नाही, थांबलंच. आत काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं, आणि मग तिथे काही नव्हतं. हरेश्वर श्वास रोखून पडून राहिला. बऱ्याच वेळानं त्यानं गुडघा लांब केला. दुखलं नाही. दुसराही पाय लांब केला. मग त्याच्या अंगभर असा काही हलकेपणा पसरला, की तो एकटाच, मोठ्यानं हसला. बघा! उगाच घाबरलो. वारा धरला होता, दुसरं काय! शेवंताला हाक मारली असती, चाळ गोळा केली असती, टॅक्सी केली असती आणि इस्पितळाच्या दारात पोट मोकळं झालं असतं, म्हणजे साऱ्या डिलाईल रोडनं वर्षभर चेष्टा केली असती. त्यानं तांब्या उचलून परत जागेवर ठेवला. नळाला पाणी आलं, हंडे-कळशांचे आवाज सुरू झाले, बायका नेहमीप्रमाणे दबक्या आवाजात भांडू लागल्या. त्याला ते सगळं फार गोड वाटलं. ड्युटीला जायला भरपूर वेळ होता. दाढी करावी, अंगावर पाणी घ्यावं, तोंडाला चव आली तर शेवंताच्या आमटीत भाकरी कुस्करावी. तो उठून उभा राहिला. पाय कापत होते, पण ते उपाशी पोटामुळे. उभा राहतो आहे ना? मग झालं. खिळ्याला अडकवलेल्या आरशासमोर त्यानं साबणाचा फेस केला आणि गाल भरले. आरशातल्या माणसाचं नाक तासल्यासारखं दिसत होतं, डोळे खोल गेले होते. त्या माणसाला बरं वाटत असेल असं काही त्याच्या तोंडावरून वाटत नव्हतं. असू दे. त्यानं डाव्या गालावरून वस्तरा ओढायला सुरुवात केली.

एक गाल झाला, आणि वस्तरा पाण्यात बुडवताना त्याला दुर्गाचं अक्षर दिसलं. का, कोण जाणे. पोस्टकार्डावरचं, शाळेत गिरवलेलं, गोल गोल अक्षर. तार यायच्या आधी दोन कार्डं आली होती. पहिलं आलं तेव्हा त्यानं पिशवी भरली होती, दोन लेंगे, एक सदरा, गुणवंतीसाठी ग्लुकोजचा पुडा. आईचे पोटात फार दुखते, वांती होते, उजवे अंगास हात लावू देत नाही, पाय पोटाशी घेऊन निजते, असं त्यात होतं. दुसऱ्या दिवशीची एस.टी. धरायची त्यानं ठरवलं होतं. आणि सकाळी गेटवरून परत आला तर दाराच्या फटीत दुसरं कार्ड. ते त्यानं इतक्यांदा वाचलं होतं की आता ते न बघता म्हणता आलं असतं. कळविण्यास आनंद वाटतो की आईचे पोटात दुखायचे काल दुपारपासून एकदम थांबले आहे. आज तिने हसून पेज घेतली. देवगडास दवाखान्यात न्यायचे रहित केले. आपण गेट सोडून येऊ नये असे ती सांगते. त्यानं पिशवी रिकामी केली होती. आनंदानं केली होती, हे त्याला आत्ता, वस्तरा पाण्यात धरून, जसंच्या तसं आठवलं. लेंगे खुंटीवर परत टांगताना तो गुणगुणत होता. बरी आहे, आता गेटवरून हलायला नको. त्या कार्डाच्या पाठोपाठ दुसऱ्याच दिवशी तार आली आणि मग तो सगळ्यांना सांगत सुटला, बरी होती हो, बरी होती.

एकदम थांबले आहे.

तो आरशासमोर उभा होता आणि पोटात काही दुखत नव्हतं. पोट नुसतं हाताला कडक लागत होतं, पाटीसारखं. म्हणजे ती बरी नव्हतीच. ती हसली, तिनं पेज घेतली, गाडी जुंपली होती ती सोडायला सांगितली, आणि तिला कुणी उचलून न्यावं अशी वेळ असलीच तर ती नेमकी तीच होती. तिथे ते कुणाला कळलं नाही. पंधरा वर्षांच्या पोरीला कुठून कळणार? कळविण्यास आनंद वाटतो, असं तिनं लिहिलं. इथे त्याला कळलं नाही, कारण त्याला कळून घ्यायचं नव्हतं. ते वाक्य त्याला हवं होतं. साडेतीन वर्षं तो त्याला धरून होता. एकाएकी गेली नाही ती. दोन दिवस गेली, हळूहळू, बरं वाटतंय असं म्हणत. हरेश्वरच्या छातीतून एक आवाज निघाला आणि तो आवाज त्यानं गिळला नाही. वस्तरा हातातून मोरीत पडला. अर्ध्या तोंडाला फेस तसाच ठेवून, भिंतीला धरत धरत तो दारापर्यंत गेला. ती पाच पावलं होती. आता काही दुखत नव्हतं, म्हणून चालता येत होतं, आणि हेच त्याला सगळ्यात भयंकर वाटत होतं. त्यानं कडी काढली आणि दार सताड उघडलं.

सागरगोटे हवेतच राहिले असावेत. दोन्ही मुली चादरीवर थिजून त्याच्याकडे बघत होत्या. धाकटीनं घडीवरचे गोटे मुठीत लपवले.

"मामा, आम्ही आवाज नाही केला. खरंच नाही केला."

"नाही गं बाय माझे, नाही केलात," हरेश्वर म्हणाला. तो दाराच्या चौकटीला धरून खाली बसला. "आईला हाक मार. मोठ्यानं मार. हवी तेवढी मोठ्यानं."

धाकटीनं थोरलीकडे पाहिलं. थोरलीनं मान हलवली. मग धाकटीनं "आई" म्हणून अशी किंकाळी फोडली, की नळावरच्या साऱ्या बायका एकदम गप्प झाल्या आणि शेवंता भरली कळशी तिथंच टाकून धावत आली. तिनं त्याचं अर्धं फेसाळलेलं तोंड पाहिलं, डोळ्यांतून वाहणारं पाणी पाहिलं, आणि तिनं पदरानं आधी तो फेस पुसला.

"मामा, काय झालं? अहो, अंग किती भाजतंय तुमचं!"

"मला परळला ने. मोठ्या इस्पितळात. आत्ताच्या आत्ता, शेवंता. मी नको म्हटलं तरी ऐकू नकोस."

"नेते, नेते. ए, खाली जाऊन कुणीतरी टॅक्सी बघा गं! कुठं दुखतंय, मामा? फार दुखतंय का?"

"काल रातीपासनं दुखत होतं. आता थांबलंय."

"थांबलंय?" शेवंता त्याच्याकडे बघतच राहिली. "अहो, मग रडताय कशापायी?"

"थांबलंय म्हणूनच गं," हरेश्वर म्हणाला. "तिचं थांबलं तेव्हा मी गेलोच नाय."